घुबडावर राग नाही

एरिक हॉस्किंग या इंग्रज छायाचित्रकाराने १९४८ साली टिपलेले गव्हाणी घुबड आम्ही परवा पुन्हा पाहिले. चोचीत उंदीर, दोन्ही पंख वर पसरलेले, मागे काळीकुट्ट रात्र. फ्लॅशच्या उजेडात पीस न् पीस मोजून घ्यावे! तरी आमची एक तक्रार आहे. घुबड इतके डौलदार आले आहे की एखाद्या राजचिन्हावरचे वाटते. पोटासाठी रात्रभर हिंडणारे पाखरू त्यात हरवते, आणि अंधाराचा नुसता पडदा होतो.

पण मागची हकीगत विसरता येत नाही. १९३७ साली वेल्समध्ये अंधारातून आपल्या मचाणावरच्या आडोशाकडे जाताना दुसऱ्या जातीच्या घुबडाने त्यांच्या डाव्या डोळ्यावर नखे मारली. पेनिसिलिन तेव्हा दवाखान्यांत आले नव्हते. जखम चिघळली, डोळा काढावा लागला. आम्ही नर्सच्या नोकरीत असे रोगी सांभाळले आहेत. एक डोळा गेला की कपात चहा ओततानाही अंदाज चुकतो.

अशा माणसाने अकरा वर्षांनी हे चित्र घेतले, आणि त्यात घुबडाविषयी ना राग, ना भीती. घुबडाला अपशकुनी म्हणणाऱ्या आपल्या मंडळींनी ते जरूर पाहावे.