नुकसानभरपाईचे सूत्र : गुणाकार बरोबर, आकडे अपुरे

कोणतेही सूत्र हाती आले की आपण दोन गोष्टी तपासतो: त्यात कोणती चले घेतली आहेत आणि कोणती सुटली आहेत. कामावर अपघात झालेल्या कामगाराची भरपाई ठरवणारे सूत्रही आज याच कसोटीवर पाहू. हे सूत्र १९२३ च्या कायद्यातले आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही त्याची बांधणी तीच ठेवली आहे.

कायमची पूर्ण अक्षमता आली, तर मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार गुणक. अक्षमता अंशतः असेल, तर या रकमेला कमाईक्षमतेच्या नुकसानीच्या टक्केवारीने पुन्हा गुणायचे.

समजा, लेथवर काम करणाऱ्या ३० वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला. त्याचे वेतन २४,००० रुपये आहे. त्याच्या वयाचा गुणक २०७.९८. साठीपर्यंतचे महिने ३६० होतात, मग गुणक कमी का? कारण पुढची कमाई आज एकरकमी मिळते. इथपर्यंतचे गणित रास्त आहे.

अडचण वेतनापाशी येते. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेब सर्वसाधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच होतो. अंगठ्यासाठी तक्त्यात ३० टक्के आहेत. म्हणून ९,००० × २०७.९८ × ०.३० = ५,६१,५४६ रुपये. प्रत्यक्ष वेतन धरले असते, तर सुमारे ८,९८,४७४ रुपये आले असते. गुणक दोन दशांश स्थळांपर्यंत काटेकोर, आणि वेतनातले ९,००० रुपये मात्र एका मर्यादेने गायब! ही मर्यादा महागाईशी जोडलेली नाही. २०१० पासून जवळजवळ दहा वर्षे ती ८,००० रुपयांवरच होती.

तात्पुरत्या अक्षमतेत वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते. इथे बरेच विद्यार्थी चुकतात. ही रक्कम दर पंधरवड्याची आहे, म्हणजे महिन्याला ५० टक्के. आपल्या कामगाराला ७,५०० रुपये मिळतील. याउलट, २०,००० रुपये वेतनाचा कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर त्याला सुमारे ९० टक्के, म्हणजे १८,००० च्या आसपास मिळतात. त्या योजनेची वेतनमर्यादा २१,००० आहे. ती ओलांडणाऱ्याला पगारवाढीची शिक्षाच होते.

सुटलेले चल म्हणजे व्यवसाय. अंगठा कारकुनाचा जावो वा लेथ कामगाराचा, तक्त्यातली टक्केवारी एकच. प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची अक्षमता पूर्ण मानली. मोजायची असते ती कमाईची क्षमता, शरीराचा गेलेला भाग नव्हे, हा त्या निकालाचा धडा.

या सूत्राचे मोठे गुण दोन: मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही, आणि कामगार स्वतः हिशेब पडताळू शकतो. म्हणून सूत्र ठेवावे, मर्यादा मात्र दरवर्षी महागाईनुसार बदलावी. उद्या तुम्ही कारखान्यात अभियंता म्हणून अपघाताच्या अहवालावर सही कराल, तेव्हा जखमेबरोबर कामगाराचे नेमके काम आणि खरे वेतनही लिहा. त्याची भरपाई त्या दोन ओळींवर अवलंबून असू शकते.