आगबोट बुडाल्यावरच का आठवते?

आमच्या शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. गावाने नदीचे नाव घ्यावे आणि त्या नदीतून वैशाखात पोरांनी विजार न भिजवता पलीकडे जावे, असा तिचा रुबाब! पुढे ही घोड भीमेला मिळते. भीमेकाठच्या दौंडला रात्रभर शिट्ट्या ऐकू येतात त्या आगगाड्यांच्या. अशा मुलखातला एक शाळामास्तर आगबोटीवरच्या पुस्तकांविषयी लिहायला बसला आहे, हे ऐकून कुणी हसले तर माझी तक्रार नाही. मी जन्मात आगबोटीत बसलेलो नाही. कोकणची आगबोट बंद झाली तेव्हा मी पाटीवर अक्षरे गिरवीत होतो.

तरीही माझ्या एका कादंबरीत आगबोट आहे. नायिका माहेर सोडून मुंबईला निघते. हर्ण्याच्या धक्क्याला लागलेल्या बोटीची शिडी चढताना ती एकदा मागे वळून पाहते. हा प्रसंग मला फार साधला, असे मला वाटत होते. परिचितांनीही तसे सांगितले. मग एक पोस्टकार्ड आले. लिहिणारे गृहस्थ जुने खलाशी. मजकूर एवढाच : ‘गुरुजी, हर्ण्याला आगबोट धक्क्याला कधी लागली? ती बाहेर समुद्रात उभी राही. माणसे पडावातून जात. तुमची बाई शिडी चढली असेल ती हेलकावणाऱ्या पडावातून, लुगडे सावरीत. मागे वळून पाहायला तिला सवड कुठली?’

ह्या कार्डाने माझी झोप उडविली. चूक एका धक्क्याची असती तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झाली असती. पण नायिकेचे ते मागे वळणेच खोटे ठरले होते. ज्या कामाची मला माहिती नव्हती, त्या कामातून मी भावना उसनी घेतली होती.

त्याच सुमारास मार्क ट्वेन यांचे ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ हे 1883 सालचे पुस्तक माझ्या हाती आले. मॅट्रिकपुरते इंग्रजी आणि उशाशी शब्दकोश, एवढ्या सामग्रीवर मी ते तीन उन्हाळ्यांत वाचले. ट्वेन म्हणजे विनोदी लेखक, मुलांना वाचायला द्यावा असा, ही आपल्याकडची समजूत. ह्या पुस्तकाचा पहिला भाग वाचून ती समजूत टिकत नाही. हा भाग 1875 साली ‘अटलांटिक’ मासिकातून क्रमशः आला होता. त्यात एक पोरगा आगबोटीचा पायलट होण्यासाठी हॉरेस बिक्स्बी नावाच्या उस्तादाकडे उमेदवारी करतो. फी पाचशे डॉलर. त्यांतले शंभर रोख, तेही मेव्हण्याकडून उसने. सेंट लुईसपासून न्यू ऑर्लिन्सपर्यंत बाराशे-तेराशे मैलांची नदी त्याला पाठ करायची आहे. उजेडात पाठ करून भागत नाही, अंधारातही यायला हवी. प्रवाहाबरोबर जाताना पाठ केली ती उलट येताना उपयोगी नाही. आणि एवढे करून पुढच्या हंगामात नदी आपले पात्रच बदलते!

शिक्षक म्हणून मला ह्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. एके ठिकाणी पाणी अथांग आहे हे उमेदवाराला पक्के ठाऊक असते. बिक्स्बी त्याच्या हाती सुकाणू देऊन निघून जातो आणि आडून पाहतो. बाकीची मंडळी मुद्दाम चिंतातुर चेहऱ्याने गोळा होतात. पाण्याची खोली मोजणारे खोटेच कमी कमी आकडे ओरडू लागतात. पोरगा घाबरतो आणि बोट मागे घ्या म्हणून इंजिनवाल्यांची विनवणी करतो. सगळे खो खो हसतात. नंतर बिक्स्बी त्याला विचारतो : तुला ठाऊक होते ना? मग दुसऱ्याच्या बोलण्याने ते डळमळले कसे? आमच्या परीक्षा मुलाला किती येते हे पाहतात. आलेले दहा जणांच्या गलक्यात टिकते का, हे पाहणारी परीक्षा आम्ही कधी घेतली?

ट्वेनने पुढे टोपणनावच त्या पाणी मोजणाऱ्यांच्या आरोळीवरून घेतले. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन वाव, बारा फूट पाणी. बोट निर्धास्त जाण्याजोगे. कामाच्या जागेवरून नाव घेतलेला असा लेखक मला दुसरा आठवत नाही.

एका बाबतीत मात्र माझे त्याच्याशी पटत नाही. नदी शिकलो आणि तिचे सौंदर्य गमावून बसलो, असे तो म्हणतो. पूर्वी सूर्यास्ताचा लाल रंग पाहून तो हरखत असे. आता त्या रंगावरून उद्याचा वारा कळतो, तरंगावरून बुडालेले खोड कळते. हे त्याचे विवेचन फार वाखाणले जाते. पण जरा पुढे-मागे वाचून पाहा. साध्या प्रवाशाचे सूर्यास्ताचे वर्णन कुणीही केले असते. पाण्यावरच्या एका तिरप्या रेघेत लपलेले मरण दाखविणारे वर्णन पायलटच करू शकतो. त्याचे ज्ञानच त्याचे काव्य झाले आहे. तो ते कबूल करीत नाही, एवढेच.

आणि ह्या ज्ञानाचा खरा उपयोग पुढे होतो. ट्वेनचा धाकटा भाऊ हेन्री ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीवर काम करीत होता. ब्राउन नावाच्या दुष्ट पायलटाने हेन्रीवर हात टाकला म्हणून ट्वेनने ब्राउनला बदडले आणि त्यामुळे त्याला त्या बोटीवरून उतरावे लागले. जून 1858 मध्ये मेंफिसजवळ त्या बोटीचे बॉयलर फुटले आणि हेन्री गेला. ट्वेन हे थोडक्यात सांगतो, कुठेही गळा काढीत नाही. तोपर्यंत आपण ती बोट ओळखू लागलेलो असतो : पायलट कुठे उभा राहतो, हुकूम खाली कसा जातो, पाणी कसे मोजतात. म्हणून स्फोट आपल्या घरातला वाटतो.

पुस्तकाचा दुसरा भाग उतरता आहे, हेही सांगितले पाहिजे. 1882 साली तो पुन्हा नदीवर गेला तो प्रवासी म्हणून, आणि लिहिलेही प्रवाशासारखेच. आकडे, इतरांच्या पुस्तकांतले लांबलचक उतारे, ऐकीव गप्पा. आगगाडीने आगबोटीचा धंदा खाल्ला होता. त्याबरोबर लेखकाचा हातही गेला असे वाटते. शिवाय ट्वेनची नजर आहे सुकाण्याच्या खोलीतली. खाली भट्टीत लाकडे घालणारे होते त्यांत गुलाम होते, पोटासाठी आलेले आयरिश होते. त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. मालकाच्या घरातलेही काही दिसत नाही. वास्तविक त्या नद्यांवर आगबोट हा कित्येकदा कुटुंबाचा संसारच असे. मिसिसिपीवरची पहिली आगबोट ‘न्यू ऑर्लिन्स’ 1811 साली निघाली तेव्हा निकोलस रूझवेल्ट यांची पत्नी लिडिया गरोदरपणी तीवर होती आणि वाटेतच प्रसूत झाली. त्याच हिवाळ्यात त्या मुलखात मोठा भूकंप झाला. पुढे सिनसिनाटीच्या ग्रीन कुटुंबात नवऱ्याइतकीच बायकोही बोट चालवी. मेरी ग्रीन रीतसर परवानाधारक कप्तान होती आणि 1949 साली ती वारली तीही आपल्या कुटुंबाच्या ‘डेल्टा क्वीन’ बोटीवर. अशा घरातले पुस्तक ट्वेनने लिहिले नाही. एका लेखकाकडून सगळे मागू नये हे खरे, पण उणीव ती उणीवच.

आता आपल्याकडे वळू. आपल्याला काय कमी होते? मुंबईहून हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीपर्यंत शंभर वर्षे आगबोटी धावल्या. पावसाळ्यात बंद, दिवाळीपूर्वी पुन्हा सुरू. चाकरमान्यांच्या ट्रंका, नारळाची पोती, डेकवर ओकणारी माणसे, सारंग, तांडेल, भट्टीपाशी भाजणारे आगवाले. गोऱ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला तोंड द्यायला इथल्या माणसांनी भागभांडवल गोळा करून ‘माझी आगबोट कंपनी’ काढली आणि बोटींना संतांची नावे दिली. नंतर चौगुले घराण्यानेही ह्या मार्गावर बोटी चालविल्या. आणि समुद्र ज्यांच्या सात पिढ्यांनी पाहिला नसेल अशा सोलापूरकरांपैकी एक, वालचंद हिराचंद, त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून निघाली. हेच वालचंद पुढे आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात साखर कारखाना घालून बसले!

ह्या साऱ्यातून मराठीत काय आले? वालचंदांचे मोठे चरित्र गं. दे. खानोलकरांनी लिहिले आहे. मेहनतीचे काम आहे. लॉर्ड इंचकेप यांच्याशी झालेली झुंज, 1923 चा तो जाचक करार, हे सारे मराठी वाचकाला त्यामुळे कळू शकते. पण चरित्र झाले ते मालकाचे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडी नदी एखाद्या पात्रासारखी वावरते; नदीची नाडी कळलेला असा लेखक आपल्याकडे विरळा. तरी आगबोटीच्या पोटातला माणूस राहिलाच.

आगबोट म्हटले की आपल्याला आठवते ‘रामदास’. 17 जुलै 1947, गटारीची अवस. रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्याआधी नोव्हेंबर 1927 मध्ये एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ बुडाल्या होत्या. ‘रामदास’वर आपण लेख लिहितो, आठवणी छापतो, दर जुलैत हळहळतो. गुजरातीतही 1888 साली नाहीशी झालेल्या ‘वैतरणा’ऊर्फ ‘वीजळी’ची गाणी झाली. शोक करण्यात गैर काय? पण बोट तरंगत होती तेव्हाचे आपण काय लिहिले? ‘रामदास’ रोज कशी भरत असे, तांडेलाला आभाळ कसे कळे, हे आधी वाचकाच्या अंगवळणी पडलेले नसेल, तर मृतांचा आकडा हा आकडाच राहतो.

ही गोष्ट जुनी झाली असे कुणी म्हणेल. भीमेवर उजनी धरण झाले आणि त्याचे पाणी दौंडच्या बाजूला पसरत आले. आमच्या कोरड्या मुलखात होड्या आल्या. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. चार दिवस वर्तमानपत्रे भरून गेली. मी वर्गात मुलांना विचारले, उन्हाळ्याच्या दुपारी त्या पाण्यावर वारा कुठून उठतो? एका मुलाने हात वर केला. त्याचे आजोळ त्या काठचे. तो पाच मिनिटे बोलला आणि मला त्यातले अर्धेही ठाऊक नव्हते. ते बोलणे मी वहीत उतरवून घेतले आहे.

पोस्टकार्डवाल्या खलाशीबुवांनाही मी पत्र लिहिले. अंधारात हर्णे आले हे तुम्हांला कसे कळे, एवढेच विचारले. उत्तर चार पानी आले. सुवर्णदुर्गाचा काळा ढीग आधी चांदण्या झाकतो, आणि वारा जमिनीवरचा असेल तर त्याच्याही आधी सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो, असे त्यांनी लिहिले होते. शेवटी पुस्ती : ‘बाईला चढताना खलाशी हात देत असे. तो हात कुणाचा होता, तेही लिहा.’

तो प्रसंग मी पुन्हा लिहायला घेतला आहे. आठ महिने झाले, नायिका अजून पडावातच आहे.