अकोला किती अक्षरी?

सी भाषा शिकणारा विद्यार्थी बहुधा पहिल्यांदा अडखळतो तो 'स्ट्रिंग' या प्रकरणात. प्रात्यक्षिक परीक्षांच्या निमित्ताने अमरावती व अकोला येथे जाण्याचे प्रसंग आम्हास आले. विद्यार्थ्यांच्या वह्या नीटनेटक्या असतात. स्ट्रलेन लांबी मोजते, स्ट्रकॉपी नक्कल करते, स्ट्रकॅट जोडते, स्ट्रकंप तुलना करते, हा तक्ता प्रत्येक वहीत सापडतो. तक्त्यापलीकडचा एखादा प्रश्न विचारला की मात्र शांतता पसरते. हा दोष विद्यार्थ्यांचा नसून आपल्या शिकवण्याच्या क्रमाचा आहे, असे आमचे मत झाले आहे.

एका परीक्षेत एका मुलीने स्ट्रलेनला देवनागरीत 'अकोला' हा शब्द दिला. उत्तर आले १५. तिने विचारले, "सर, अक्षरं तर तीनच हायेत नं?" परीक्षकांनी "इंग्रजीत लिही" असे सांगून विषय मिटवला. आम्हीही तेव्हा गप्प राहिलो. त्या दिवसाचा सर्वांत चांगला प्रश्न अशा रीतीने वाया गेला.

वास्तविक उत्तर अवघड नाही. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत सी भाषा घडवली, तेव्हा तिच्यात स्ट्रिंग नावाचा स्वतंत्र प्रकार ठेवला नाही. ओळीने मांडलेले बाइट आणि शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, एवढीच सीची स्ट्रिंग. स्ट्रलेन ते शून्य भेटेपर्यंत बाइट मोजते. तिला अक्षर कळत नाही. 'अकोला' डोळ्यांना तीन अक्षरी दिसतो, पण युनिकोडमध्ये त्याचे अ, क, ओकाराची मात्रा, ल आणि काना असे पाच संकेत होतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेतास तीन बाइट लागतात. पाच त्रिक पंधरा. स्ट्रलेन बरोबर होती. 'लांबी म्हणजे अक्षरांची संख्या' ही आपली व्याख्या चुकीची होती.

हीच गोष्ट स्ट्रकॉपीची. रोमन लिपीतील अकोल्यास पाच अक्षरे व एक शून्य मिळून सहा घरे पुरतात. त्याच सहा घरांत रोमन लिपीतील अमरावती भरू गेल्यास नऊ घरे लागतात. उरलेले तीन बाइट शेजाऱ्याच्या जागेत शिरतात, आणि स्ट्रकॉपी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कित्येकदा पडद्यावर उत्तरही बरोबर दिसते, म्हणून विद्यार्थ्यास पूर्ण गुण मिळतात! अशाच बेसावधपणाचा फायदा घेऊन १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिसच्या 'किड्या'ने इंटरनेटवरील हजारो संगणक बेजार केले. त्याची एक वाट गेट्स या फंक्शनातून जात होती. २०११ च्या प्रमाणकातून गेट्स काढून टाकले गेले.

यावर "स्ट्रएनकॉपी वापरा" असा उपाय सुचवला जातो. तोही अर्धाच आहे. सहाची मर्यादा देऊन अमरावती भरल्यास पहिली सहा अक्षरे येतात, पण शेवटचे शून्य येत नाही. मग स्ट्रलेन पुढे कोठवर धावेल याचा नेम नाही. गेट्सऐवजी एफगेट्स घेतल्यास ओळ संपल्याची खूणही स्ट्रिंगमध्ये येते, आणि स्ट्रकंप दोन 'सारखे' शब्द वेगळे ठरवते. शब्द उलटा करणारे स्ट्ररेव्ह तर प्रमाणकात नाहीच. टर्बो सीने ते दिले होते.

अभ्यासक्रम मोठा, तासिका थोड्या आणि संगणक त्याहून थोडे, ही शिक्षकांची अडचण आम्ही जाणतो. परंतु येथे वेळ वाढवण्याचा प्रश्न नाही, क्रम उलटा करण्याचा आहे. आधी फळ्यावर सहा घरे काढावीत, त्यांत अक्षरे व शून्य भरावे. मग विद्यार्थ्यांकडून साध्या लूपने स्वतःची स्ट्रलेन लिहून घ्यावी. तिला चार-पाच ओळी पुरतात. त्यानंतर स्वतःची स्ट्रकॉपी लिहिताना "घरे संपली तर?" हा प्रश्न आपोआप पुढे येतो. ग्रंथालयातील तयार फंक्शने यानंतर द्यावीत. तोवर ती काय करतात आणि काय करत नाहीत, हे दोन्ही विद्यार्थ्यास ठाऊक झालेले असते.

आणि मराठी शब्द वर्गाबाहेर ठेवू नयेत. 'मावशी' आणि 'माळी' स्ट्रकंपला देऊन पाहावे. युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी येतो, म्हणून माळी पहिला ठरतो. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. यंत्राचा क्रम आणि भाषेचा क्रम वेगळे असतात, हे यापेक्षा थोडक्यात कसे समजावणार?

पुढच्या वेळी कोणी "पंधरा कसे?" असे विचारले, तर त्यास इंग्रजीकडे वळवू नये. फळ्यावर पंधरा घरे काढावीत.