सहीपलीकडचा रस्किन बाँड

मसुरीच्या माल रोडवरील केंब्रिज बुक डेपोत रस्किन बाँड अनेक वर्षे शनिवारी दुपारी बसत आणि रांगेतल्या वाचकांच्या पुस्तकांवर सह्या करत. त्या रांगेमुळे ‘मुलांचे लाडके आजोबा’ हीच त्यांची ओळख झाली. आमच्या मते ती अपुरी आहे.

१९३४ साली कसौलीत जन्मलेल्या बाँड यांनी ‘द रूम ऑन द रूफ’ ही पहिली कादंबरी विशीच्या आत लिहिली. पुढे लंढौरच्या घरातून पाऊस, भिंतीवरचे नेचे, किडे, पाखरे असे जे दिसले ते टिपले. उर्दूत ज्याला ‘मुशाहिदा’ म्हणतात, तो हाच.

हे लेखन गोडगोड आहे, त्यात पुनरुक्ती आहे, असा आक्षेप घेतला जातो. पुनरुक्ती आहेच. पण ‘डस्ट ऑन द माउंटन’ ही कथा वाचावी. कामासाठी मसुरीला आलेला बिस्नू चुनखडीच्या खाणीतल्या ट्रकवर लागतो. सुरुंगांनी डोंगर बोडका झालेला. ट्रक दरीत कोसळतो तेव्हा चालकाला वाचवते ते एक झाड! दून खोऱ्यातील अशा अनेक खाणी सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली बंद करायला लावल्या. झाडाकडे रोज पाहणाऱ्यालाच ते नाहीसे झाल्याचे कळते, हे या कथेचे बळ आहे.

आमच्या वर्गातली मुले ‘निसर्ग’ म्हटले की हिमालय आणि समुद्र लिहितात. शाळेच्या कुंपणाजवळचा कडुनिंब निबंधात येतच नाही. त्यांना बाँड यांच्या सहीपेक्षा ही नजर मिळावी.