‘आपोआप बरे होणारे’ पदार्थ : नेमके बरे काय होते?

रबरासारखे ताणता येणारे, शाईसारखे छापता येणारे आणि तुटले तर आपोआप सांधले जाणारे विद्युत परिपथ! अशी वर्णने वाचली की बोटावरची जखम भरून येते तसेच येथे काही घडत असावे, असे वाटू लागते. संशोधनाविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘आपोआप बरे होणे’ या शब्दांविषयी, कारण त्यांच्या आड अगदी वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने खपून जातात.

२०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात झेनन बाओ यांच्या गटाने निकेलचे सूक्ष्म कण मिसळलेले एक मऊ बहुवारिक तयार केले. त्याचे रेणू दुबळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. पदार्थ कापला की हे बंध सुटतात आणि तोंडे जुळवली की पुन्हा जुळतात. १५ सेकंदांत मूळच्या ९० टक्के वाहकता परत आली, बळकटी यायला मात्र सुमारे १० मिनिटे लागली. काम उत्तमच आहे. पण ती तोंडे जुळवून धरावी लागतात, हे ‘आपोआप’ या शब्दात कुठे बसते?

२०१८ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात कार्मेल मजिदी यांच्या गटाने निराळी वाट धरली. गॅलियम-इंडियमचे संमिश्र सुमारे १५ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणजे आपल्या वर्गात ते द्रवरूपच असेल. त्याचे सूक्ष्म थेंब रबरात विखुरलेले असतात. दाब देऊन रेघ ओढली की रेघेखालचे थेंब फुटून एकमेकांना मिळतात आणि तेवढीच रेघ वाहक बनते. (गॅलियमवर हवेत ऑक्साइडची अतिपातळ साय धरते, म्हणूनच या धातूच्या नुसत्या रेघाही छापता येतात, एरवी त्या पाऱ्यासारख्या गोळा झाल्या असत्या.) रेघेवर भोक पाडले तर कडेचे थेंब फुटतात आणि प्रवाहाला नवी वाट मिळते. हातही लावावा लागत नाही. कल्पना आम्हांला फार सुंदर वाटते.

भोक मात्र भोकच राहते! खचलेल्या रस्त्यावरची एस.टी. शेजारच्या गावावरून वळवली तर फेरी चुकत नाही, पण रस्ता दुरुस्त झाला असे कोणी म्हणत नाही. शिवाय हायड्रोजन बंध पुन्हा जुळू शकतात, तर फुटलेला थेंब कायमचा फुटतो. त्याच जागी वारंवार इजा झाली की ही शिल्लक संपत जाणार. मूळ निबंधाच्या शीर्षकात ‘विद्युतीयदृष्ट्या’ हा शब्द प्रामाणिकपणे घातलेला आहे. गोष्ट सांगताना नेमका तोच गळतो.

तो गळल्याने काय बिघडते? समजा, नाडी मोजणारी अशी पट्टी रुग्णाच्या मनगटावर आहे आणि तिला भोक पडले. प्रवाह चालू, आकडेही दिसताहेत. पण प्रवाहाने वळसा घेतल्यावर रोध तोच राहिला का, उघड्या कडेतून घाम आत शिरतो आहे का, हे ती पट्टी कशी सांगणार?