उघड्या पोलादाचे दर्जे : दर्शनी पोलादकामाच्या श्रेणीपद्धतीची समीक्षा

प्रस्तावना

इमारतीचा सांगाडा बहुधा झाकला जातो. भिंतीवर गिलावा येतो, छताखाली फॉल सीलिंग येते आणि आतले पोलाद कोणाच्या नजरेस पडत नाही. परंतु गेल्या काही दशकांत सांगाडाच दर्शनी ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे. १९७७ मध्ये पॅरिस येथे खुले झालेले पॉम्पिदू केंद्र हे तिचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. रेंझो पियानो व रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी इमारतीचा पोलादी सांगाडा बाहेरून सर्वांना दिसेल असा ठेवला. आज महाविद्यालयांची सभागृहे, ग्रंथालये, जिने व प्रवेशद्वारावरील छत्र्या यांतही पोलाद उघडे ठेवले जाते.

पोलाद उघडे ठेवायचे ठरले की प्रश्न निर्माण होतो : काम किती सुबक हवे? आपल्याकडील निविदांमध्ये याचे उत्तर बहुधा विशेषणांनी दिले जाते. ‘उत्तम फिनिशिंग’, ‘सफाईदार काम’, ‘अभियंत्याच्या समाधानाप्रमाणे’ ही त्यांची ठरलेली भाषा. मराठीत ‘सुबक’ म्हटले किंवा उर्दूत ‘नफ़ीस’ म्हटले, तरी अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा राहतो. ठेकेदार दर भरताना एक अर्थ घेतो, संस्था बिल देताना दुसरा. समाजाच्या देणग्यांतून उभ्या राहणाऱ्या शिक्षणसंस्थांना हा केवळ शब्दांचा वाद नाही. त्यात चंद्याचा पैसा गुंतलेला असतो. या दृष्टीने दर्शनी पोलादाच्या श्रेणीपद्धतीची चिकित्सा उपयुक्त ठरेल.

पद्धतीचे स्वरूप

‘कॅनेडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्टील कन्स्ट्रक्शन’ या संस्थेने विशेषणांऐवजी श्रेणी वापरण्याची पद्धत विकसित केली. वॉटर्लू विद्यापीठातील वास्तुविद्येच्या प्राध्यापिका टेरी मेयर बोक यांनी लिहिलेली मार्गदर्शिका संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकन पोलादबांधकाम संस्थेने आपल्या २०१६ च्या आचारसंहितेत याच धर्तीच्या श्रेणी स्वीकारल्या. त्याआधी त्या संहितेत दर्शनी पोलादाचा एकच सरसकट वर्ग होता.

श्रेणी चार आहेत. पहिली मूलभूत घटकांची : वेल्डिंगचे उडालेले दाणे काढणे, धारदार कडा घासणे, वेल्ड अखंड दिसेल असे ठेवणे. दुसरी श्रेणी ६ मीटरपेक्षा अधिक अंतरावरून पाहिल्या जाणाऱ्या घटकांची आहे. तिच्यात मोजमापातील सूट निम्मी होते व कारखान्यातील खुणा दिसू देत नाहीत. तिसरी ६ मीटरच्या आतून पाहिल्या जाणाऱ्या घटकांची. येथे पोलादावरील गिरणीचे शिक्के काढावे लागतात, सांध्यांचे वेल्ड घासून सपाट करावे लागतात आणि पोकळ पाइपची जोडरेषा नजरेआड वळवावी लागते. चौथी श्रेणी प्रदर्शनीय घटकांची. तिच्यात वेल्डची जागा ओळखू येऊ नये इतके भरण व घासकाम अपेक्षित असते. प्रत्येक श्रेणीत खालच्या श्रेणीच्या अटी समाविष्ट असतात. चौकटीत न बसणाऱ्या कामासाठी एक विशेष श्रेणीही ठेवली आहे. जे पोलाद झाकले जाणार आहे ते साधे संरचनात्मक पोलाद. त्याला दर्शनी श्रेणी लागत नाही.

कॅनडाच्या तक्त्यात साध्या पोलादकामाच्या तुलनेत पहिल्या श्रेणीचा वाढीव खर्च २० ते ६० टक्के, तर चौथीचा १०० ते २५० टक्के अंदाजिला आहे. हे आकडे तेथील मजुरीचे आहेत. ते बुऱ्हाणपूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. मात्र सुबकपणाला किंमत असते आणि ती श्रेणीगणिक वाढते, हे तत्त्व सर्वत्र खरे आहे.

गुणविचार : अंतराचे तत्त्व

या पद्धतीचे खरे सामर्थ्य एका साध्या प्रश्नात आहे : पाहणारा किती अंतरावर आहे? दर्जा वस्तूच्या अंगभूत श्रेष्ठतेवर नव्हे, तर वस्तू आणि नजर यांच्या नात्यावर ठरतो. हा विचार बुऱ्हाणपूरच्या वाचकांना परका वाटू नये. बेगम शाह शुजाच्या छोट्या मकबऱ्यात आतील भिंती व घुमटाचा अंतर्भाग बारीक रंगचित्रांनी भरलेला आहे, कारण आत उभ्या राहणाऱ्याची नजर त्यांच्या अगदी जवळ असते. जामा मशिदीचे उंच मिनार मात्र दुरून पाहण्यासाठी आहेत. तेथे घडण आणि प्रमाणबद्धता बोलते. जुन्या कारागिरांनी लेखी श्रेणी केल्या नव्हत्या, परंतु श्रम कोठे खर्च करावेत याचा विवेक त्यांच्यापाशी होता.

शहरातील पॉवरलूमच्या शेडमधील ट्रस ही याची दुसरी बाजू होय. तेथे कोणी छताचे सौंदर्य पाहावयास जात नाही. बळकट सांधा आणि गंज रोखणारा रंग एवढे पुरे. हाच ट्रस सभागृहात ९ मीटर उंचीवर असेल आणि त्याचा प्रत्येक वेल्ड घासून गुळगुळीत केला असेल, तर तो खर्च कोणाच्याही डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्याच सभागृहाच्या जिन्याचा कठडा मात्र रोज शेकडो हात धरतात. श्रेणीपद्धत पैसा छतावरून कठड्याकडे वळवावयास शिकवते, हे तिचे मोठे योगदान होय.

मर्यादा

तथापि ही पद्धत निर्दोष नाही. पहिली मर्यादा अंतराच्या मोजणीची. ६ मीटर कोणाच्या नजरेपासून मोजावयाचे? जमिनीपासून उंच असलेली तुळई वरच्या सज्जात बसणाऱ्या विद्यार्थिनींच्या हाताशी असू शकते. म्हणून श्रेणी ठरविताना इमारतीतील प्रत्येक वावराची जागा विचारात घ्यावी लागेल. केवळ तळमजल्यावरून निर्णय घेणे चुकीचे ठरेल.

दुसरी मर्यादा पायाभूत दर्जाची. ही पद्धत असे गृहीत धरते की साधे कामसुद्धा सुसज्ज कारखान्यात, ठरलेल्या मापांत होते. लहान शहरांत बरेच काम जागेवरच, हाताने वेल्डिंग करून होते. पहिली पायरीच निश्चित नसेल, तर तिच्यावरच्या चार पायऱ्या कशावरून मोजावयाच्या? भारतीय मानक आयएस ८०० मध्ये संरचनेचे बळ, स्थैर्य, टिकाऊपणा, जोडकाम व उभारणी यांचे विवेचन आहे. दर्शनी श्रेणींची उतरंड मात्र त्यात नाही. अशा स्थितीत प्रत्यक्ष नमुना हाच खरा आधार. काम सुरू होण्यापूर्वी एक सांधा तयार करून घ्यावा, दोन्ही पक्षांनी तो मान्य करावा आणि काम संपेपर्यंत जागेवर ठेवावा.

तिसरी बाब सुरक्षिततेची. श्रेणी दिसण्याची आहे, बळाची नाही. कोपऱ्यातील वेल्ड सुंदर दिसावा म्हणून अति घासला, तर त्याची जाडी घटते आणि सांधा दुबळा होतो. तसेच आगीपासून संरक्षण देणारा जाड लेप लावावयाचा असेल, तर त्याखालचे बारीक घासकाम झाकले जाऊन वाया जाते. लेप आधी ठरवावा, श्रेणी नंतर.

चौथी मर्यादा काळाची. श्रेणी पहिल्या दिवसाचा दर्जा सांगते, पन्नासाव्या वर्षाचा नाही. मुंबईतील एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल, याची साक्ष देते. रोलंड मेसन ऑर्डिश यांच्या आराखड्याप्रमाणे त्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून मुंबईत आणले गेले व १८६७ ते १८६९ या काळात उभारले गेले. ते पोलाद नव्हे, ओतीव लोखंड होते. परंतु सांगाडा दर्शनी ठेवण्याची कल्पना तीच. १८९६ मध्ये ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रपट येथे दाखविले गेले. पुढे देखभालीअभावी हीच वास्तू खालावली. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २००६ च्या धोक्यातील जागतिक स्मारकांच्या यादीत तिचा समावेश झाला. उघडे ठेवलेले धातुकाम सतत निगा मागते. निविदेत श्रेणीसोबत देखभालीचे कलम नसेल, तर श्रेणी अपुरीच म्हणावी लागेल.

निष्कर्ष

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण भाषिक आहे. ती ‘सुबक’ या शब्दाला अंतर, खूण व माप देते आणि त्यामुळे दोन पक्षांना एकच वाक्य एकाच अर्थाने वाचता येते. परंतु हे वाक्य वेल्डरपर्यंत पोहोचले पाहिजे. इंग्रजीतील तक्ता कपाटात राहिला तर त्याचा उपयोग नाही. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरीस, फारुकी सुलतान राजा अली खान याच्या काळात, अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरला गेला. वाचणारे अनेक भाषांचे आहेत याची जाणीव त्यामागे दिसते. तीच जाणीव आज निविदेच्या अटींत हवी.

तंत्रशिक्षणाशी संबंधित अध्यापकांना हे काम करता येण्याजोगे आहे. चारही श्रेणींची वर्णने सोप्या मराठी, उर्दू व हिंदीत तयार करावीत आणि कार्यशाळेत चार नमुना-पट्ट्या भिंतीवर लावाव्यात, म्हणजे विद्यार्थी बोटाने फरक ओळखू शकेल. बांधकाम समितीनेही नकाशावर प्रत्येक घटकाजवळ श्रेणीचा आकडा लिहावा. श्रेणी न ठरवता काम दिले, तर दर्जा भांडणाने ठरतो आणि त्याची किंमत देणगीदार व कारागीर असे दोघेही मोजतात.