‘मसाजर’ या शब्दाबद्दल

खोक्यावर लिहिलं होतं, ‘पर्सनल मसाजर’. बिलावरही तेच. ज्या पानावरून मी ते मागवलं, तिथे एका बाईचा फोटो होता. ती मानेवर हात ठेवून, डोळे मिटून बसली होती. मान दुखत असावी. हिंजवडीत सगळ्यांचीच दुखते. आमच्या सोसायटीच्या गेटवर दिवसभरात जी खोकी येतात, त्यांत गादीपासून मांजराच्या खाण्यापर्यंत सगळं असतं आणि प्रत्येकावर आत काय आहे ते लिहिलेलं असतं. माझ्या खोक्यावरही लिहिलेलं होतं. फक्त ते खरं नव्हतं.

आत सेक्स टॉय होतं. माझं पहिलं. वय सत्तावीस, पगार बरा, घरी विचारणारं कोणी नाही. तरी खोकं उघडण्याआधी मी खोलीच्या दाराला आतून कडी लावली. खोकं उघडलं आणि पहिल्यांदा जाणवला तो वास. शाळेत असताना जूनमध्ये नवा रेनकोट घ्यायचो, त्याचा यायचा तसा. नव्या रेक्झीनच्या सीटचा येतो तसा. वस्तू हाताला किंचित तेलकट लागत होती. मी ती धुतली, पुसली, दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा तेलकट.

मग मी त्या पानावर परत गेले आणि पहिल्यांदाच ते नीट वाचलं. समीक्षा करायची आहे ती त्या पानाची. तो गद्याचा एक प्रकार आहे, आपल्या पिढीने कादंबऱ्यांपेक्षा तो जास्त वाचलाय, आणि त्याच्याकडे मजकूर म्हणून कोणी बघत नाही.

पानावर अकरा मुद्दे होते. ‘प्रीमियम’ तीन वेळा, ‘बॉडी सेफ’ दोन वेळा, ‘त्वचेसारखा मऊ स्पर्श’ एकदा. पॅकिंग किती गुप्त असेल यावर दोन पूर्ण वाक्यं. वस्तू कशाची बनली आहे, यावर दोनच शब्द: ‘मेडिकल सॉफ्ट’. हे कुठल्याही पदार्थाचं नाव नाही, ही दोन विशेषणं आहेत. मी विक्रेत्याला विचारलं, सिलिकॉन आहे, पीव्हीसी आहे की टीपीई? उत्तर आलं, ‘मॅडम, बेस्ट क्वालिटी, हंड्रेड परसेंट डिस्क्रीट.’ मी पदार्थ विचारला होता, त्याने गुप्ततेची हमी दिली. त्या पानाचं सगळं व्याकरण या एका उत्तरात आहे. खरेदी करणारीला एकच भीती असणार, पकडलं जाण्याची, असं ते पान धरून चालतं. शरीराचीही काळजी असू शकते, हे त्याच्या गावीच नाही.

आता थोडं रसायन, कारण विशेषणांच्या जागी काय असायला हवं होतं ते कळायला पाहिजे. पीव्हीसी मुळात कडक असतं. घराच्या गटाराचे पाइप त्याचेच. ते मऊ करायला त्यात प्लास्टिसायझर घालतात, आणि वर्षानुवर्षं त्यासाठी थॅलेट नावाच्या रसायनांचा गट वापरला गेला. थॅलेट पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं. स्पंजातल्या पाण्यासारखं ते आत असतं आणि हळूहळू बाहेर येतं, तेल किंवा चरबी लागली की अधिकच. माझ्या हाताला लागणारा तेलकटपणा असल्याच कशाचा तरी असणार. या गटातली काही रसायनं, विशेषतः डीईएचपी, प्रजननसंस्थेला घातक म्हणून ओळखली जातात. २००६मध्ये ग्रीनपीसच्या नेदरलँड्स शाखेने आठ सेक्स टॉय तपासून घेतली. सातांमध्ये थॅलेट सापडले आणि त्यांचं प्रमाण २४ ते ५१ टक्के होतं. म्हणजे काहींत निम्मी वस्तू प्लास्टिसायझरचीच. त्याच सुमारास युरोपने लहान मुलांच्या खेळण्यांसाठी ठरवलेली मर्यादा होती ०.१ टक्का.

घाबरवायचा हेतू नाही. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानेही अशा वस्तूंची तपासणी केली होती. साधारण वापरात मोठा धोका दिसत नाही, पण थॅलेट असलेल्या वस्तू फार वापरणाऱ्यांनी, विशेषतः गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, जपावं, असा त्यांचा सूर होता. मला यातली भाषा आवडते. किती, कशात, कोणाला. ‘बॉडी सेफ’ या शब्दांत यातलं एकही उत्तर नाही.

दुसरा प्रश्न सच्छिद्रतेचा. कुकरच्या जुन्या रबरी गॅस्केटला कितीही घासलं तरी कालच्या सांबाराचा वास राहतो, हे आपल्याला माहीत आहे. टीपीई आणि जेलीसारख्या मऊ वस्तूंचं तसंच. ‘त्वचेसारखा स्पर्श’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा टीपीई असतं. वरून धुतलं तरी सूक्ष्म छिद्रांत जंतू राहू शकतात, आणि उकळायला जावं तर वस्तू विरघळते. त्यावर निरोध चढवून वापरणं हा साधा उपाय. चांगलं सिलिकॉन, स्टेनलेस स्टील, बोरोसिलिकेट काच हे पदार्थ सच्छिद्र नाहीत. मोटर नसेल तर ते सरळ पाण्यात उकळता येतात. सिलिकॉनच्या वस्तूवर सिलिकॉनचं वंगण वापरलं तर पृष्ठभाग खराब होऊ शकतो, तिथे पाण्याचं वंगण बरं. तेलाचं वंगण लॅटेक्सचा निरोध कमकुवत करतं. गुदद्वारासाठीची वस्तू बुडाशी रुंद हवीच, नाहीतर ती आत सरकते आणि मग दवाखाना गाठावा लागतो. या सगळ्याला मिळून एक परिच्छेद पुरला. अकरा मुद्द्यांच्या पानावर यासाठी जागा नव्हती.

का नव्हती? विक्रेता लबाड आहे म्हणून, असं म्हणून मोकळं होता येईल. पण त्याची अडचणही समजून घेऊ. आपल्याकडे अश्लील वस्तू विकणं हा गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेचं २९२ कलम गेलं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं २९४ आलं, शब्द जवळपास तेच राहिले. सेक्स टॉय असा शब्द त्यात नाही. अश्लील काय, हे प्रत्येक वेळी कोणीतरी साहेब ठरवणार. शिवाय १९६४ची कस्टम्सची एक अधिसूचना अश्लील वस्तूंच्या आयातीला बंदी घालते. त्यामुळे वस्तूचं खरं नाव लिहिणं म्हणजे स्वतःहून साहेबासमोर जाऊन उभं राहणं. ‘मसाजर’ हा शब्द त्या भीतीतून आला आहे.

ही पळवाट फक्त आपली नाही. हिताची कंपनीचं मॅजिक वाँड अमेरिकेत १९६८पासून मसाजर म्हणूनच विकलं गेलं. ते कशासाठी वापरलं जातं हे साऱ्या जगाला ठाऊक होतं आणि २०१३मध्ये कंपनीने त्यावरून आपलं नाव काढून घेतलं. आपल्याकडे मात्र हा शब्द थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. कस्टम्सने बॉडी मसाजरचा एक माल जप्त केला होता. कारण, ही यंत्रं सेक्स टॉय म्हणून वापरली जाऊ शकतात. न्यायाधिकरणाने जप्ती रद्द केली, कस्टम्स अपिलात गेलं आणि मार्च २०२४मध्ये उच्च न्यायालयाने अपील फेटाळलं. मसाजर देशात खुलेआम विकले जातात, ते अश्लील आहेत हा केवळ अधिकाऱ्याच्या कल्पनेचा खेळ आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता.

तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले होते. मीही एक टाकला. आता वाटतं, निकाल आपण नीट वाचला नव्हता. वस्तू सुटली ती मसाजर ठरली म्हणून. सेक्स टॉय असती तर काय, हा प्रश्न जागच्या जागी राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच न्यायालयाने एफ. एन. सूझा आणि अकबर पदमसी यांची कस्टम्सने अडवलेली नग्नचित्रं सोडवली. अडवण्याचं कारण तीच १९६४ची अधिसूचना. तिथे मात्र नग्नता नाकारावी लागली नाही. चित्रं नग्न आहेत, तरीही अश्लील नाहीत, असं उघड म्हणता आलं. चित्राच्या पाठीशी ‘कला’ हा शब्द होता. माझ्या खोक्यातल्या वस्तूच्या पाठीशी मानदुखी होती.

आणि इथेच खरी गोम आहे. शब्द खोटा असला तरी वस्तू मिळते ना, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की ज्या वस्तूला नाव नाही तिला मानक लागत नाही. निरोध पाहा. त्याला नाव आहे, १९६८पासून सरकारच त्याचा प्रचार करतंय, आणि औषध नियमांत त्याच्यासाठी स्वतंत्र परिशिष्ट आहे. तो गळतो का, किती हवेला फुटतो, हे तपासूनच बाजारात येतो. लहान मुलांची खेळणी पाहा. १ जानेवारी २०२१पासून त्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे. पण त्या आदेशात खेळणं म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांचं खेळणं. भाचीच्या रबरी बदकाला शिक्का लागतो, शरीराच्या आत जाणाऱ्या माझ्या वस्तूला लागत नाही. जगात यासाठी मानक नाही असंही नाही. सेक्स टॉयच्या रचनेसाठी आणि सुरक्षिततेसाठी आयएसओ ३५३३ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१मध्ये आलं. पण मानेच्या मसाजरला कोण कशाला ते लावेल? कोडमध्ये टाइप चुकीचा सांगितला की पुढच्या सगळ्या तपासण्या चुकीच्या गोष्टीवर होतात, आणि सगळ्या पास होतात. तसंच हे.

खरं नाव लावून दुकान उघडण्याचा प्रयत्नही झाला. २०२१च्या सुरुवातीला गोव्यात कळंगुटला ‘कामा गिझ्मोज’ नावाचं दुकान निघालं, देशातलं पहिलं कायदेशीर सेक्स टॉयचं दुकान म्हणून बातम्या आल्या. काही आठवड्यांत पंचायतीने ते बंद करायला लावलं. कारण दिलं व्यापार परवान्याचं. ज्या दुकानात वस्तू हातात घेऊन, वास घेऊन, ‘ही कशाची आहे हो?’ असं विचारता आलं असतं, ते गेलं. तोंड झाकलेलं पान तेवढं उरलं.

मराठीत हे असंच असायला हवं होतं का? मला नाही वाटत. १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढणारे र. धों. करवे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ चाललं. त्यांच्यावर अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ आहे, अजित दळवींचं आणि अतुल पेठेंनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ नाटक आहे. दोन्हींमुळे माझ्यासारख्यांना करवे भेटले, हे ऋण आहेच. पण या आठवणीतून आपण करव्यांचा हुतात्मा करून टाकला. आपल्याला कोर्ट आठवतं, उपेक्षा आठवते, एकटेपण आठवतं. त्यांचं गद्य कसं होतं, हे कमी आठवतं. ते गद्य कोरडं आहे. साधनाला साधन म्हणतं, अवयवाला अवयव. वाचक विचारतो, ते उत्तर देतात, पुढच्या प्रश्नाकडे जातात. लाजही नाही, आणि आपण लाजत नाही याची मिरवणूकही नाही. १९३४चा खटला याच उत्तरांवरून झाला. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल होते, समलैंगिकतेबद्दल होते. वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. लैंगिक शिक्षणासाठीच निघालेल्या मासिकाने वाचकांच्या अशा प्रश्नांना उत्तरं का देऊ नयेत, ही त्यांच्या बचावाची दिशा होती. खटला हरला, करव्यांना २०० रुपये दंड झाला.

त्या मासिकाला नव्वद वर्षांपूर्वी जे वाक्य लिहिता येत होतं, ते आज माझ्या फोनवरच्या पानाला लिहिता येत नाही. आणि फक्त पानालाच नाही. या विषयावर मराठीत आता जे लिहिलं जातं, ते एक तर चावट असतं नाही तर क्रांतिकारक. चावट लेखनाला वस्तू लपवायची असते, क्रांतिकारक लेखनाला तिचा झेंडा करायचा असतो. ती पीव्हीसीची आहे का, हे दोघंही विचारत नाहीत. माझ्या मैत्रिणींच्या गप्पांतही हेच. ‘घेतलंस? बिनधास्त आहेस गं!’ इथे विषय संपतो. बिनधास्तपणाचं कौतुक ठीक आहे, पण त्या रात्री मला कोणीतरी वासाबद्दल सांगायला हवं होतं.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही पहिलं घेत असाल तर विक्रेत्याला लेखी विचारा, हे कशाचं बनलं आहे. उत्तरात पदार्थाचं नाव आलं तर पुढे बोला. विशेषण आलं तर थांबा. घरी आल्यावर रेनकोटचा वास आला, हात तेलकट झाले, तर पैसे गेले असं समजा. माझी ती वस्तू मी एकदाही न वापरता टाकून दिली. टाकतानाही काळ्या पिशवीत गुंडाळली आणि कचरा उचलणाऱ्या मावशी यायच्या आधीच डब्यात नेऊन ठेवली, हेही कबूल करते. दुसरी घेतली ती सिलिकॉनची, तिप्पट किमतीची, उकळता येते अशी. तिच्या पानावर पदार्थाचं नाव स्वच्छ लिहिलेलं होतं.

खोक्यावर मात्र मसाजरच.